गिरण्यांचा हिशेब झाला, मनांचा राहिला

१९८२ साली तीन गोष्टी घडल्या. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार कामावरून बाहेर पडले. ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य परिषदेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला मान्यता दिली. आणि त्याच वर्षी मारी याहोडा या मूळच्या व्हिएन्नाच्या विदुषीचे रोजगार आणि बेकारी यांच्या मानसिक परिणामांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. कामगार रस्त्यावर आले, सरकारने मनाच्या आरोग्याची जबाबदारी कागदावर घेतली आणि काम गेल्यावर मनाचे काय होते याचे उत्तर छापून आले. पण या तिन्ही गोष्टींची एकमेकींशी गाठ पडली नाही. ती न पडल्यामुळे लालबाग, परळ, वरळीच्या घरांनी जे सोसले, त्याचा जाब आजही विचारायला हवा.

गिरणगावातले जगणे कधीच सोपे नव्हते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली तेव्हापासून कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईला येत राहिली. चाळीतल्या एकेका गाळ्यात गावकीची माणसे पाळीपाळीने झोपत. जो ‘कायम’ झाला तो नशीबवान. बदली कामगार मात्र रोज सकाळी फाटकाशी उभा राही आणि आज हजेरी लागेल की रिकाम्या हाताने परतावे लागेल, हे त्याला तिथेच कळे. वर्षानुवर्षे अशा अधांतरी सकाळी काढणाऱ्या माणसाच्या छातीवर किती ओझे साचत असेल, याची मोजदाद कोणत्याही मस्टरवर होत नसे.

हे ओझे पहिल्यांदा ओळखले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या त्यांत आठवड्याची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि पगार ठरलेल्या मुदतीत मिळावा ही मागणीही होती. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दही तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. तरीही विसावा, वेळेवर पगार आणि उद्याची थोडीशी खात्री यांवाचून माणूस आतून खचतो, हे लोखंड्यांना नेमके कळले होते. पुढची शंभर वर्षे कामगार याच तीन गोष्टींसाठी झगडत राहिला.

या झगड्यातून गिरणगावाने माणसाला सावरून धरणारी एक वीण तयार केली. भजनी मंडळे, लेझीम, कबड्डीचे संघ, वाचनालये, कामगार रंगभूमी, गणेशोत्सव हे सगळे त्यातले. शेकडो बायका खाणावळी चालवत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणीचा भोंगा दिवसाला आकार देत होता, खात्यातले सोबती सुखदुःखाला येत होते, गावाला जाणारी मनिऑर्डर घरातले स्थान टिकवत होती. संप लांबला आणि नोकऱ्या गेल्या तेव्हा पगाराबरोबर ही वीणही उसवली. कामगारच बसले तेव्हा खाणावळवाल्या बायकांचेही गिऱ्हाईक गेले.

हे असे होते, हे युरोपात पन्नास वर्षे आधी नोंदले गेले होते. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गावातली कापड गिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि ४७८ कुटुंबांचे जवळपास अख्खे गाव बेकार झाले. याहोडा, पाऊल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथल्या माणसांचा जवळून अभ्यास केला व १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. आता मोकळा वेळ मुबलक असल्याने लोक वाचतील, सभांना जातील, राजकारणात उतरतील अशी अपेक्षा होती. घडले उलटे. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. रस्त्यावरून जाणारे पुरुष हळू चालू लागले, वाटेत उगाच थांबू लागले. काही काम नसतानाही ते जेवायला वेळेवर येत नाहीत, अशी बायकांची तक्रार होती. उपासमारीइतकीच ही मरगळ खोल होती. १९८२ च्या पुस्तकात याहोडांनी त्याचे कारण सांगितले: नोकरी पगाराखेरीज दिवसाला चौकट देते, घराबाहेरची माणसे देते, चारचौघांत मान देते, आपण एका मोठ्या कामाचा भाग आहोत ही जाणीव देते आणि हातपाय हलते ठेवते. नोकरी गेली की ही पाचही एकदम जातात.

गिरणगावात ती तशीच गेली. संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, त्यामुळे तो संपल्याचा दिवसही कामगारांच्या वाट्याला आला नाही. आज ना उद्या भोंगा वाजेल या आशेवर महिने गेले, मग वर्षे गेली. काही जण गावी परतले, पण तिथली शेती आधीच मनिऑर्डरीवर चालणारी होती. जे मुंबईत राहिले त्यांनी हातगाडी लावली, वॉचमनची नोकरी धरली. बायकांनी धुणीभांडी, पापड-लोणची, घरी आणलेली शिलाई यांवर संसार ओढला. कर्ता पुरुष दिवसभर घरात बसलेला आणि बाई तीन घरची कामे करून परतलेली, यातून दोघांचीही झोप उडाली. घरात भांडणे वाढली, दारू वाढली, तरुण मुले टोळ्यांच्या वाटेला लागली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकाने हे घर रंगमंचावर उभे केले. मराठी प्रेक्षक हेलावला. धोरण मात्र हलले नाही.

समाजानेही या माणसांवर अन्यायच केला. दारू पिणाऱ्याला ‘बेवडा’ म्हटले, गप्प बसणाऱ्याला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हटले. एकाच गल्लीत, एकाच काळात, एकाच कारणाने शेकडो माणसे खचत असताना प्रत्येकाचे दुःख त्याच्या स्वभावाचा दोष ठरवले गेले. सगळेच खचले नाहीत, हेही खरे. पुष्कळांनी जिद्दीने घरे उभी केली. पण ज्यांच्यामागे सावरणारी नाती होती, थोडी जमीन होती, कमावणारे दुसरे हात होते, त्यांना उभे राहणे तुलनेने सोपे गेले. जिद्दीलाही पायाखाली थोडी जमीन लागते.

सरकारी पातळीवर हिशेब झाला तो वेगळ्याच गोष्टींचा. औद्योगिक विवाद कायद्याने कारखाना बंद होताना नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार ठरवून दिला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या वाटणीचे सूत्र आखले, २००१ मध्ये ते बदलले गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. चटई क्षेत्राचा इंच न् इंच मोजला गेला. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची ६,९२५ घरांची सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर ३० वर्षांनी. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. तोवर कित्येक कामगार गेलेले होते. इतकी वर्षे कागद सांभाळत, खेपा घालत ताटकळणे हीसुद्धा मनाला झालेली इजाच आहे. तिच्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नव्हता.

आज शास्त्राला या विषयात पुष्कळ कळले आहे. विक्रम पटेल आणि आर्थर क्लाइनमन यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की गरिबी आणि नैराश्य यांच्यातला दुवा निव्वळ कमी उत्पन्नाचा नाही. असुरक्षितता, हताशपणा, कमी शिक्षण आणि वेगाने होणारी सामाजिक उलथापालथ त्यात गुंतलेली असते. नैराश्य आले की काम सुटते, काम सुटले की नैराश्य वाढते. हे चक्र तोडता येते, याचेही पुरावे आहेत. गोव्यातल्या सरकारी आरोग्यकेंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी डॉक्टरांच्या साथीने नैराश्याच्या रुग्णांना बरे होण्यास मदत केली. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत मिळू लागल्यावर आत्महत्यांचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटल्याचे संशोधन २०१९ मध्ये आले. औषध लागते, समुपदेशन लागते. आणि हातात चार पैसे असण्याचाही उपचारासारखा गुण येतो.

उलट आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले आणि नैराश्य, चिंता यांसारख्या सर्रास विकारांच्या बहुतेक रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचे दिसले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला हे मोठे पाऊल आहे. पण तो हक्क माणूस दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू होतो. त्याला तिथवर ढकलणारे निर्णय कामगार खात्यात, नगरविकास खात्यात आणि अर्थखात्यात होत असतात.

बदली कामगाराची ती फाटकावरची सकाळ आजही संपलेली नाही. कंत्राटी सफाई कामगार आणि मोबाइलवरच्या ऑर्डरची वाट बघणारा डिलिव्हरीवाला तीच अनिश्चितता जगतात, आणि त्यांच्यामागे गिरणगावाची वीणही नाही. म्हणून मागणी स्पष्ट असावी. कारखाना बंद करायला किंवा वस्ती हलवायला परवानगी देताना बाधितांच्या मानसिक आरोग्याची तरतूद ही अट असावी आणि तिचा खर्च मालकाने किंवा विकासकाने उचलावा. देणी आणि घरे यांच्या तारखा कायद्याने बांधलेल्या असाव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसे कामगारवस्तीत बसावीत, आणि त्यांत त्याच वस्तीतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन पगारी काम मिळावे. लोखंड्यांनी रविवार मागितला तेव्हा मालकांना तो परवडणारा वाटला नव्हता. आज त्या सुट्टीवाचून कामाचा आठवडा कल्पिता येत नाही. मनाच्या आरोग्याची अटही अशीच नित्याची होईल. मात्र १८८४ प्रमाणे ती आधी कुणीतरी संघटितपणे मागावी लागेल.