सव्वा किलोचा लॅपटॉप आणि दुरुस्तीचा हिशेब

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाकडे एका समितीने अहवाल सादर केला. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांक’ द्यावा, म्हणजे वस्तू बिघडल्यास ती किती सहज दुरुस्त होईल हे ग्राहकाला खरेदीपूर्वीच गुणांच्या रूपाने कळावे, अशी त्यात शिफारस आहे. बातमी आली आणि विरूनही गेली. या योजनेचा प्रारंभ स्मार्टफोन व टॅब्लेटपासून व्हायचा आहे. लॅपटॉप पहिल्या टप्प्यात नाही. माझा आक्षेप तेथूनच सुरू होतो.

गेली चार वर्षे माझ्याजवळ सव्वा किलो वजनाचा एक महागडा लॅपटॉप आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगणार आहे ते या वर्गातील बहुतेक यंत्रांना कमीअधिक लागू पडते. एरवी यंत्राविषयी तक्रार नाही. दिल्ली मेट्रोच्या गर्दीत खांद्याला त्याचा भार जाणवत नाही, पडदा सुरेख आहे, आणि भाषांतराच्या कामाला त्याची गती आजही पुरून उरते. गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी मात्र त्याचे चार्जिंग थांबले. सर्व्हिस सेंटरने तपासून सांगितले की मदरबोर्ड बदलावा लागेल, खर्च ५६ हजार रुपये. यंत्र घेतले होते ९८ हजारांना. त्याहून कठीण वाक्य पुढे होते : एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असल्याने आतील माहिती परत मिळणार नाही. माझी शेवटची राखीव प्रत एप्रिलमधील होती. हा हलगर्जीपणा सर्वस्वी माझा. तो मी कोणाच्या माथी मारणार नाही.

नेहरू प्लेसमधील एका तळघरात बसणाऱ्या कारागिराने तोच बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चार्जिंगच्या मार्गावरील तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप शॉर्ट झाली होती. दुसऱ्या एका निकामी बोर्डावरची तशीच चिप काढून त्याने ती बसवली. दोन दिवस, साडेतीन हजार रुपये, आणि माहिती जशीच्या तशी. बोर्डाचा आराखडा कोठून मिळाला, असे विचारल्यावर तो नुसता हसला. कंपनी आराखडा देत नाही. हातोहात फिरणाऱ्या प्रतींवर हा सारा बाजार चालतो. आपल्याकडे आलेले सर्वच बोर्ड जिवंत होत नाहीत, हेही त्याने आपणहून सांगितले. काम झाले त्याची वॉरंटी एक महिना, तीही तोंडी.

हे सारे हलकेपणाचे अपरिहार्य मोल आहे काय? काही अंशी आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा एलपीडीडीआर जातीची रॅम असते. ती कमी व्होल्टेजवर आणि अतिशय वेगाने चालते, त्यामुळे प्रोसेसर व रॅम यांमधील अंतर जितके कमी तितका संकेत शुद्ध राहतो. जुन्या पद्धतीच्या खाचेपर्यंतचा लांबचा मार्ग आणि तिथले धातूचे जोड या वेगाला मानवत नाहीत. म्हणून रॅम सोल्डर होते. इंटेलने २०२४ च्या ‘लुनार लेक’ प्रोसेसरमध्ये तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर नेऊन बसवली. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानके ठरविणाऱ्या संस्थेने ‘कॅम२’ हे मानक प्रसिद्ध केले, ज्यात एलपीडीडीआर रॅमही स्क्रूने दाबून बसवता येते आणि काढताही येते. तेव्हा ही अडचणदेखील पूर्वीइतकी अभेद्य उरलेली नाही.

उष्णतेचे गणित मात्र कोणालाच चुकवता येत नाही, आणि आपल्या देशात ते विशेष कठोर आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता. सारी उष्णता बाहेरच्या धातूच्या आवरणातून निघून जायची. समजा, हाताला चटका बसू नये म्हणून आवरणाचे तापमान ४५ अंशांवर रोखायचे आहे. खोली २५ अंशांची असेल तर २० अंशांचा फरक मिळतो; दिल्लीच्या उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर गेली की उरतात ५. बाहेर पडणारी उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असल्याने ती चौथ्या हिश्शावर येते, आणि प्रोसेसरला आपली गती आवरती घ्यावी लागते. लिथियम बॅटरीही अशा उष्णतेत लवकर म्हातारी होते. वातानुकूलित खोलीत मोजलेल्या गतीचे आकडे वाचून यंत्र घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

इथपर्यंत भौतिकशास्त्र. यापुढचे सारे धंद्याचे निर्णय आहेत. एम२ चिपच्या मॅकबुक एअरचे वजन १.२४ किलो, फ्रेमवर्क लॅपटॉप १३ चे सुमारे १.३ किलो. दुसऱ्यात रॅम, एसएसडी, बॅटरी, पडदा, कळफलक हे सर्व भाग वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतात. बॅटरी टिकण्यात पहिला सरस आहे, आणि तो फरक लहान नाही. पण वजनातील अंतर ६० ग्रॅमचे, म्हणजे एका कोंबडीच्या अंड्याएवढे. बॅटरी स्क्रूऐवजी गोंदाने बसवण्याचे समर्थन अशा काही ग्रॅमांनी करता येईलही. आराखडा दडवून ठेवल्याने किती वजन वाचते?

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू केला, आणि पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. तेथे सुट्या भागाची किंमत हा स्वतंत्र निकष आहे. आपल्या समितीच्या निकषांत यंत्र उघडण्याची सुलभता, दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची वेळेत उपलब्धता, सॉफ्टवेअर अद्ययावत राहणे, अवजारे व स्क्रू यांचा विचार आहे. किमतीला स्वतंत्र स्थान नाही. मला मदरबोर्ड ‘उपलब्ध’ होताच, तोही आठवड्याच्या आत! ५६ हजारांना. किमतीवाचून उपलब्धतेला गुण दिले, तर माझ्या यंत्रालाही त्या रकान्यात उत्तम गुण मिळतील. ‘दुरुस्तीची माहिती’ या शब्दांत बोर्डाचा आराखडा येतो की केवळ मागचे झाकण उघडण्याची चित्रे, हेही नियम करताना स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. तसे झाले तर नेहरू प्लेस, लॅमिंग्टन रोड, रिची स्ट्रीट येथील कारागिरांना चोरट्या प्रतींवर काम करावे लागणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकतात, ते योग्यच आहे. परंतु एका चिपसाठी टाकून दिलेला बोर्ड वितळवणे ही शेवटची पायरी असावी, पहिली नव्हे.

युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी लागणार आहे. माझ्या लॅपटॉपची बॅटरी आता मूळ क्षमतेच्या ७१ टक्क्यांवर आली आहे. गेल्या आठवड्यात विचारणा केली. कळफलकासह संपूर्ण वरचे आवरण बदलावे लागेल, असे उत्तर मिळाले. अंदाजपत्रक अजून यायचे आहे.