घरच्या कागदांची कणगी



मागल्या मृगात माझा फोन विहिरीत पडला. फूटव्हॉल्व्ह बघायला वाकलो आणि खिशातून सटकला तो गेलाच. फोन दुसरा घेतला. पण त्यात दोन वर्षांच्या आडतीच्या पट्ट्यांचे फोटो होते, माती तपासणीचा कागद होता, आणि नातवंडाला मांडीवर घेतलेल्या आमच्या आईचा शेवटचा फोटो होता. सातबारा काय, पुन्हा निघतो. पट्ट्या मागायला गेलो तर आडत्याने हात वर केले. आईच्या फोटोचे तर बोलायलाच नको.

तेव्हापासून आमच्या माजघरातल्या कोनाड्यात एक छोटा संगणक बसला आहे. रास्पबेरी पाय त्याचे नाव. शाळकरी पोरांना संगणक शिकता यावा म्हणून तो इंग्लंडात, केंब्रिजला काढला. २०१२ साली बाजारात आला. साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच रुंद अशी एकच पाटी, ना पडदा ना कळफलक. घरातल्या फोनांतले फोटो आणि कागद वायफायवरून त्याला जोडलेल्या डिस्कवर जाऊन बसतात. इंटरनेट गेले तरी बिघडत नाही, कारण माल घरातल्या घरात फिरतो. राऊटर तेवढा चालू हवा.

बिलाची धास्ती नको. चौथ्या पिढीचा पाय आणि डिस्क मिळून सात वॅट धरा, दिवसरात्र चालला तरी महिन्याला पाचेक युनिट. २ जीबी मेमरीचा या कामाला पुरतो. सोबत ३२ जीबीचे मायक्रो एसडी कार्ड, एक यूएसबी एसएसडी डिस्क आणि ५ व्होल्ट, ३ अँपियरचा त्याचाच चार्जर घ्यावा. घरात पडलेला फोनचा चार्जर लावण्याचा मोह होतो. तो पुरा पडत नाही आणि यंत्र मधेच बंद पडते.

पोराच्या नाहीतर शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर 'रास्पबेरी पाय इमेजर' हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्यावा. तो कार्डावर यंत्राची प्रणाली भरतो. तिची 'लाइट' आवृत्ती निवडावी. भरण्याआधी यंत्राचे नाव, परवलीचा शब्द, वायफाय आणि एसएसएच यांची माहिती तिथेच द्यावी. नंतर पडदा नसलेल्या यंत्राला सांगणार कसे? पूर्वी प्रत्येक नव्या यंत्राचा परवलीचा शब्द एकच असे. २०२२ मध्ये ती रीत बंद झाली, बरे झाले.

कार्ड घालून वीज दिली की काही मिनिटांत लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरता येते. मग 'सांबा' हा मोफत प्रोग्राम बसवून डिस्कवरचा एक फोल्डर घरच्यांसाठी मोकळा करावा, आणि राऊटरमध्ये यंत्राचा पत्ता कायमचा बांधून द्यावा. बाहेरगावाहून फोटो बघायला मिळावेत म्हणून राऊटरचे दार जगाला उघडून देऊ नका. चोर आधी तेच दार ढकलून बघतो.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. वीज आल्यावर डिस्क आपोआप जोडली जावी अशी नोंद प्रणालीत करावी लागते. मी ती केली नव्हती. एकदा लाइट जाऊन आली, आणि पुढे आठवडाभर फोटो डिस्कऐवजी कार्डावरच साठत राहिले. कार्ड भरून यंत्र अडले तेव्हा कळले!

आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्ड नासू शकते, म्हणून ५ व्होल्ट, ३ अँपियर देणारा छोटा यूपीएस मधे लावावा. वळवाचा गडगडाट सुरू झाला की यंत्र आज्ञा देऊन बंद करावे आणि प्लग काढावा; राऊटरची वायरसुद्धा.

आणि एवढे करूनही डिस्क एकच असेल तर ती आणि माझा विहिरीतला फोन यांत फरक नाही. आम्ही दुसरी डिस्क धाकट्या बहिणीच्या घरी ठेवतो. महिन्यातून एकदा ती आणून नवे कागद उतरवायचे, त्यातले दोनचार फोटो उघडून खरेच दिसतात का बघायचे, आणि ताईच्या कपाटात परत ठेवून यायची.