मुलांच्या वाद्यवृंदाचा रचनाकार

भोपाळच्या बरखेडा वसाहतीत गणेशोत्सवाच्या एका बैठकीत आम्ही सूचना मांडली की, मिरवणुकीस भाड्याचा बॅण्ड आणण्याऐवजी शाळेतील मुलांचा वाद्यवृंद उभारावा आणि त्यासाठी जाणत्या रचनाकाराकडून, मानधन देऊन, स्वतंत्र चाली बांधून घ्याव्या. सूचना हसण्यावारी गेली. बॅण्ड ही साहेबाची वस्तू, तीवर राग कसला वाजणार, आणि पोरांसाठी चाली बांधणे हा काय कलावंताचा व्यवसाय! हे तिन्ही आक्षेप आम्हांस अमान्य आहेत.

याच भोपाळात १९७९ साली स्थापन झालेली संगीत अकादमी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नाव धारण करते. खाँसाहेबांनी मैहरास काय केले? १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत पोरकी झालेली मुले जमवून त्यांनी वाद्यवृंद घडविला. बंदुकीच्या नळ्यांचा 'नलतरंग' केला, सतार, सरोद, व्हायोलिन, तबला एकत्र बसविले आणि त्या मुलांच्या हातांस झेपतील अशा रचना शुद्ध रागदारीत बांधल्या. व्हायोलिन ते कलकत्त्यास शिकले, तेही लोबो नावाच्या एका गोमंतकीय बॅण्डमास्तराकडे. आमच्या कोंकणी वाचकांनी हे अवश्य ध्यानी धरावे. मैहरच्या शारदेचे हे मुसलमान भक्त. रविशंकर आणि अली अकबर यांचे गुरू म्हणून जग त्यांस जाणते, पण पोरक्या मुलांच्या या रचनाकाराची आठवण कितीजणांस आहे?

राहिला राग बॅण्डवर वाजण्याचा प्रश्न. 'वंदे मातरम्' बॅण्डवर वाजविता येणार नाही, असे स्वातंत्र्यानंतर म्हटले गेले, तेव्हा मास्तर कृष्णरावांनी आपली झिंझोटीतील चाल बॅण्डवर बसवून दाखविली. १९५० साली राष्ट्रगीताचा मान 'जनगणमन'ला लाभला ही गोष्ट वेगळी. कृष्णरावांनी आक्षेपाचे उत्तर देऊन ठेवले होते.

व्यवसायाविषयी तर आपण बोलूच नये. आपल्याच देवळांनी सनई-चौघडा वाजविणाऱ्यांस इनामे दिली, म्हणून ती कला पिढ्यान्‌पिढ्या जगली. आज त्याच देवापुढे सिनेमाची चाल वाजते, भाड्याची पावती फाडली जाते आणि नवी चाल बांधणाऱ्यास द्यावयास मात्र पैसा नसतो. फटाक्यांस असतो!

पुढील बैठकीत हीच सूचना आम्ही पुन्हा मांडणार आहोत. या खेपेस रचनाकाराच्या मानधनाचा आकडा घालून.