थाळीत वाढलेलं गाणं

परवा वर्गात एक गंमतच झाली. चौथीतल्या एका मुलाने आजोबांच्या ट्रंकेतली काळी तबकडी आणली. "बाई, ही कसली थाळी?" सगळी पोरं खो खो हसली. मी म्हटलं, हसू नका, ह्या थाळीत गाणं वाढलेलं आहे!

तबकडी उजेडात तिरपी धरली की बारीक रेघा दिसतात. खरं तर ती एकच लांबलचक खाच असते, काठापासून आतपर्यंत गोल गोल गेलेली. खाच नागमोडी असते. सुई तिच्यातून जाताना थरथरते आणि त्या थरथरण्याचाच आवाज होतो. आजोबांची तबकडी मिनिटाला 78 फेरे घेणारी, म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं! अशा तबकड्यांत लाख घालत. हो, बांगड्यांची असते तीच लाख. म्हणून हातातून पडली की फुटलीच समजा.

"पण बाई, ह्या मिळायच्या कुठे?"

गाण्यांच्या दुकानात! जगातलं सगळ्यात जुनं असं दुकान वेल्समधल्या कार्डिफ शहरात आहे, स्पिलर्स रेकॉर्ड्स. ते 1894 साली निघालं. तेव्हा तिथे मेणाच्या नळकांड्यांवरचं गाणंही मिळे. नळकांडी गेली, कॅसेटी आल्या, सीडी आल्या, दुकान आपलं चालूच. मधे भाड्यापायी ते बंद पडायची वेळ आली, तर गिऱ्हाइकांनी सह्या गोळा केल्या. 2010 साली दुकानाने जागा बदलली, पण गाव सोडलं नाही.

आपल्या मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस मात्र टिकलं नाही. काळा घोड्याजवळचं हे दुकान 1948 पासूनचं. डी.एड.ला असताना मी मामाबरोबर तिथे गेले होते. मला एक गाणं हवं होतं, पण शब्द आठवेनात. लाजत लाजत काउंटरवरच्या काकांना चाल गुणगुणून दाखवली. (माझा आवाज कसा आहे ते माझ्या वर्गाला विचारा!) काकांनी डोळे मिटून ऐकलं, आत गेले आणि नेमकी तीच सीडी घेऊन आले. वर आधी ऐकायलाही दिली. पैसे थोडे कमी पडत होते. मामाकडे मागायचा संकोच वाटला. "पुढच्या वेळी घेते," म्हटलं.

ती पुढची वेळ आलीच नाही. लोक गाणी फोनवर ऐकू लागले आणि 2016 च्या फेब्रुवारीत दुकान बंद झालं. ते गाणं आता मलाही फोनवर मिळतं. पण गुणगुणलेलं ओळखणारे ते काका आता कुठे भेटणार?

असो. आजोबांच्या तबकडीवरचा कागद ओलीने गेलाय, त्यामुळे आत कोणतं गाणं आहे ते त्यांनाही आठवत नाही. गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे चावीचा फोनो आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमची सगळी चौथी तिकडे निघणार आहे. तबकडी मात्र मीच धरणार. काय वाजतंय ते पुढच्या अंकात सांगते.