किरणे केंद्राची, माणसे राज्याची

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत सहाव्या क्रमांकावर अणुऊर्जा आहे. राज्यांच्या यादीत सहाव्याच क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने आहेत. किरणोत्सर्गापासून लोकांना सुरक्षित ठेवण्याचे काम या दोन नोंदींच्या मधल्या फटीत पडून आहे. अणुभट्टी असो की तालुक्याच्या गावातले एक्स-रे यंत्र, परवाना आणि तपासणी केंद्राच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. काही बिनसले तर रुग्ण, रस्ते, पोलीस आणि लोकांचा राग मात्र राज्याकडे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर करून 1962चा अणुऊर्जा कायदा मोडीत काढला, खासगी कंपन्यांना दार उघडले आणि 1983पासून सरकारी आदेशाच्या बळावर चाललेल्या नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान दिले. त्यावरची चर्चा नुकसानभरपाईची मर्यादा आणि खासगी भांडवल यांभोवतीच फिरली. यात राज्ये कुठे, हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही. महाराष्ट्राने तरी तो विचारायला हवा होता. तारापूरचे अणुवीज केंद्र इथे आहे, तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र इथे आहे, जैतापूरचा 9,900 मेगावॅटचा प्रस्ताव इथला आहे आणि एप्रिल 2025 मध्ये थोरियमवरच्या छोट्या अणुभट्टीसाठी ‘महानिर्मिती’ने रशियाच्या ‘रोसाटॉम’शी सामंजस्य करारही केला आहे. भट्टी उभारण्याचा उत्साह असलेल्या सरकारला तिच्यावर नजर ठेवण्याचाही उत्साह असावा, ही अपेक्षा फार नाही.

अणुभट्टीला परवाना देण्याचे काम मंत्रालयात आणा, असे कुणी म्हणणार नाही. ते विशेषज्ञांचे काम आहे आणि तिथेच राहिले पाहिजे. प्रश्न कुंपणाबाहेरचा आहे. अणुवीज केंद्राभोवतीच्या 16 किलोमीटर परिसरासाठी आपत्कालीन आराखडा असतो आणि तो राबवण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. म्हणजे तारापूरबाबत पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांची. लोकांना घरातच थांबवायचे की बाहेर काढायचे, बस कुठून आणायच्या, आयोडीनच्या गोळ्या कुणाला द्यायच्या, हे सारे त्यांनी पाहायचे. पण हवेत काय आहे आणि किती आहे, हे त्यांना सांगणार केंद्राचीच माणसे. परिसराचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राची. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ शेजारच्या औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी तपासते, किरणोत्सर्ग त्याच्या कक्षेत येत नाही. त्यात गोम अशी की, 1969 मध्ये पहिल्या दोन भट्ट्या सुरू झाल्या तेव्हाचे तारापूरशेजारचे बोईसर आणि आजचे बोईसर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ही गर्दी वाढवणारे भूखंड, बांधकाम परवाने आणि वसाहती राज्याच्याच सहीने आल्या. त्या सह्या करताना 16 किलोमीटरचा आराखडा किती टेबलांवर उघडला गेला असेल?

माहिती दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, ते 1979 मध्ये पेनसिल्व्हेनियात दिसले. थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर राज्यपाल थॉर्नबर्ग यांच्याकडे कंपनी एक सांगत होती आणि वॉशिंग्टन दुसरे. एका मोजणीचा चुकीचा अर्थ लावून वरून स्थलांतराचा सल्ला आला, मग तो फिरवला गेला. अखेर पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना निघून जाण्यास सांगण्याचा निर्णय राज्यपालांनी घेतला, तोही अर्ध्यामुर्ध्या माहितीवर. अमेरिकेत सर्वाधिक अणुभट्ट्या असलेल्या इलिनॉय राज्याने यातून धडा घेतला. 1980 मध्ये त्याने अणुसुरक्षेचे स्वतःचे खाते काढले, केंद्रांभोवती स्वतःचे मापक बसवले आणि भट्ट्यांमधली माहिती थेट आपल्या कक्षात आणली. परवाने संघराज्याकडेच राहिले, डोळे मात्र राज्याचेही झाले. तिकडे रुग्णालये आणि उद्योगांतल्या किरणोत्सारी पदार्थांचे नियमन तर बहुतेक राज्ये 1959च्या कायदादुरुस्तीच्या आधारे करार करून स्वतःच करतात.

आपल्याकडे हे दुसरे काम अधिक तातडीचे आहे, कारण ते गल्लीगल्लीत पसरलेले आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 2012च्या अहवालाने सांगितले की देशातल्या 57,443 वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी नोंदणीकृत केवळ 5,270 होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितले होते. अकरा वर्षांनी ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत होते. प्रगत म्हणवणारा महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्यानंतर नोंदणी ऑनलाइन झाली, काही राज्यांनी मंडळाशी करारही केले. तरी एखाद्या छोट्या शहरातल्या एक्स-रे केंद्रात डोकावून पाहावे. खोलीचे दार अर्धवट उघडे, बाहेर बाकावर नातेवाईक, आत रडणाऱ्या पोराचा हात धरायला आईलाच उभे केलेले, शिशाचा एप्रन खुंटीला. किरणांची मात्रा मोजणारा, तंत्रज्ञाने छातीवर लावायचा आणि ठरलेल्या मुदतीत प्रयोगशाळेत पाठवायचा बॅज टेबलाच्या खणात. खणातल्या बॅजचा अहवाल नेहमीच चांगला येतो!

हे तपासायला मुंबईहून कोण आणि कितीदा येणार? याच गावात, कदाचित याच इमारतीत, सोनोग्राफीचे यंत्र असते. त्यातून एकही क्ष-किरण निघत नाही. तरी ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडे नोंदवलेले असते, हलवायचे तर कळवावे लागते आणि प्रत्येक गरोदर स्त्रीमागे ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला आणि त्यातून ही यंत्रणा पुढे उभी राहिली. ती निर्दोष नाही. खाबुगिरीच्या तक्रारी आहेत आणि कागदातल्या चुकांवरून डॉक्टरांना छळल्याच्याही आहेत. पण मनात आणले तर राज्य यंत्रन् यंत्र मोजू शकते, हे तिने सिद्ध केले. म्हणून मनुष्यबळ नाही ही सबब महाराष्ट्राच्या तोंडी शोभत नाही. किरणोत्सर्ग सुरक्षेचे शिक्षण देणारे भाभा अणुसंशोधन केंद्र तुर्भ्याला आहे, टाटा स्मारक रुग्णालय परळला आहे, नियामक मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरात आहे. तिथून निवृत्त होणाऱ्या वैज्ञानिकांचे ज्ञान राज्याला मोलाने घेता येईल.

दुर्लक्षाची किंमत दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजाराने मोजली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्ट-60चे यंत्र 2010 मध्ये लिलावात भंगारात गेले. मजुरांनी शिशाचे कवच फोडले, आतले तुकडे हाताळले. एकाने तर तुकडा पाकिटात ठेवला. एकाचा जीव गेला, अनेकांना रुग्णालयात भरती व्हावे लागले. ते यंत्र देशाच्या राजधानीत, एका नामांकित विद्यापीठात होते, तरी ते आता कुठे आहे हे विचारणारे स्थानिक पातळीवर कुणी नव्हते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा भिवंडीच्या गोदामात उद्या असे काही उघडले गेले तर पहिला फोन जवळच्या पोलीस ठाण्यात जाईल. तिथल्या हवालदाराकडे मापक नसेल आणि कुणाला कळवायचे याचा नंबरही बहुधा नसेल.

नव्या कायद्याखालचे नियम तयार होतील, तेव्हा राज्याने तीन गोष्टी हट्टाने मागाव्यात: तारापूर परिसरातल्या मापकांची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना थेट आणि त्याच क्षणी, वैद्यकीय व औद्योगिक यंत्रे तपासण्याचे अधिकार राज्याच्या संचालनालयाला, आणि त्यासाठी परवाना शुल्कातला वाटा. तपासणीत काय आढळले ते केंद्रनिहाय संकेतस्थळावर टाकायला तर दिल्लीची परवानगीही लागू नये. निदान आपल्या गावचे एक्स-रे यंत्र शेवटचे कधी आणि कुणी तपासले, हे विचारायला नागरिकाने कोणत्या खिडकीवर जायचे, एवढे तरी आरोग्यमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सांगावे.