पितृपक्षात करून घ्यायची कामं

पितृपक्षात घर बघायला सहसा कुणी फिरकत नाही. फ्लॅट विकायला काढलेल्या माणसाला हे पंधरा दिवस भाकड वाटतात. माझ्या मते मात्र त्याच्यासाठी वर्षातले सगळ्यात कामाचे दिवस हेच. पाऊस ओसरत आलेला असतो, भिंतींना जी ओल यायची ती येऊन गेलेली असते आणि घटस्थापनेपासून गिऱ्हाईक पुन्हा जिने चढू लागणार असतं.

रंगारी एवढ्यात बोलावू नका. ओल्या भिंतीवर मारलेला रंग टिकत नाही. पोपडे सुटतात, लोणा वर येतो. शिवाय खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की मुरलेला खरेदीदार नेमका तिथेच तळहात टेकवतो. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालचा कोपरा आणि वरच्यांच्या संडासाखालचं छत आधी तपासा. गळती असेल तर वरच्या शेजाऱ्यांशी, सोसायटीशी बोलून ती बंद करा, भिंत वाळू द्या, मगच रंग काढा. बघायला आलेल्यांना दुरुस्तीचं बिल दाखवायला संकोच करू नका. लपवलेली ओल पुढच्या जूनमध्ये बोलतेच, आणि तोवर तुमचा फोन नंबर त्यांच्याकडे असतो.

बंद पडून असलेल्या फ्लॅटला एक वास येतो. लोक उदबत्ती लावतात, फवारे मारतात. कारण बहुधा न्हाणीच्या जाळीखाली असतं. तिथल्या वाकड्या भांड्यात थोडं पाणी कायम साचलेलं असावं लागतं, तेच ड्रेनेजची हवा अडवतं. वापर थांबला की ते आटतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, आठवड्याने पुन्हा ओता. वासाचा प्रश्न पुष्कळदा एवढ्यावरच मिटतो.

राहत्या घरात अडचण सामानाची. माळ्यावरचे खोके आणि गॅलरीतल्या कुंड्या, बादल्या, जुनी सायकल आधी हलवा. गॅलरी मोकळी दिसली की घर मोठं वाटतं. देवघर मात्र जागच्या जागी राहू द्या. गळका नळ, कुरकुरणारी बिजागरी, न लागणारा दिवा ही शे-दोनशेची कामं लगेच उरका. सकाळचं ऊन घरात येत असेल तर एजंटला सकाळचीच वेळ द्या आणि पडदे सरकवून ठेवा. दागिने नि रोकड कपाटात नको, लॉकरमध्ये ठेवा. येणारे सगळे तुमच्या ओळखीचे नसतात.

सौदे मोडतात ते मात्र कागदांवर. आजवरचे सगळे करारनामे, इंडेक्स टू, नोंदणीच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला एका फाइलमध्ये लावा. मधला एखादा करारनामा हरवला असेल, तर खरेदीदाराच्या बँकेने विचारण्याआधीच दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढा. फ्लॅट वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात नसतील, तर नॉमिनी असणं म्हणजे मालक होणं नव्हे. वारसांचं निस्तरल्याशिवाय घर दाखवायला काढूच नका. पार्किंगचं वाटपपत्रही बरोबर ठेवा, तोंडी पार्किंगवर आता कुणी विश्वास ठेवत नाही.

क्षेत्रफळ करारनाम्यात आहे तेच सांगा, तेही कार्पेट. सौदा ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून भरेल, हे हिशेबात धरा. विकणारा मुलगा अमेरिकेत किंवा दुबईत स्थायिक असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही, कपात बरीच मोठी होते. सीएला आधीच गाठा. आणि सहकारी सोसायटीने हस्तांतर शुल्क म्हणून लाखाची मागणी केली, तर सहकार खात्याने घातलेली २५,००० रुपयांची कमाल मर्यादा कमिटीला दाखवा आणि पैसे भरण्याआधी मागणी लेखी घ्या.