मोजणारी मुले, ऐकणारे गाव



हलक्या धानाची कापणी उरकत आली की आपल्याकडे दिवाळी येते. लक्ष्मीपूजन, गायगोधन, भाऊबीज आणि मग गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा. यंदाचा अंक आम्ही ऊर्जाबचतीला, त्यातही ती शिकणाऱ्या आणि इतरांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना वाहिला आहे. ऐन दिव्यांच्या सणात वीज वाचवण्याचा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

गोंदिया शहराला लागून असलेल्या आपल्या मुर्रीपासून तीसेक किलोमीटरवर तिरोडा आहे. तिथे अदानी पॉवरचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॅट. राज्यातल्या मोठ्या वीज प्रकल्पांमध्ये त्याची गणना होते. त्याला लागणारा कोळसा मालगाड्यांनी येतो आणि पाणी वैनगंगेतून उचलले जाते. कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. पाण्याचे म्हणाल, तर केंद्र सरकारने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक प्रकल्पांना घालून दिलेली मर्यादाच मुळी युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. शिवाय तारांमधून घरापर्यंत येताना काही वीज वाटेतच गळते. म्हणजे मुर्रीतल्या एखाद्या घराने एक युनिट वाचवले, की तिकडे एकाहून थोडे जास्तच वाचते. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याचा हिशेब थेट वैनगंगेपर्यंत जातो. हा हिशेब ज्याला उमगला, त्याला बटण बंद करायला सांगावे लागत नाही.

हा हिशेब मुलांना उमगावा म्हणून आजवर काहीच झाले नाही, असे मुळीच नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, १ मार्च २००२ला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून शाळाशाळांतून पाळला जातो. ब्युरोच्या चित्रकला स्पर्धांमध्ये २००५ पासून देशभरातली मुले भाग घेत आली आहेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने २०१२ आणि २०१३ अशी सलग दोन वर्षे ऊर्जा हाच मुख्य विषय ठेवला होता आणि मुलांनी आपापल्या गावात फिरून प्रकल्प केले. २०२० साली सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात गावांचे मूल्यमापन पंचमहाभूतांच्या चौकटीत होते. त्यातला अग्नी म्हणजे ऊर्जा. एवढे सगळे झाले, तरी घराघरांत अजून मुलांना वीज वाचवायचे घोषवाक्य पाठ असते आणि आपल्या घरात सर्वांत जास्त वीज कशाला लागते हे ठाऊक नसते. घोषवाक्य घरी सांगितले तर मोठी माणसे कौतुकाने मान डोलावतात आणि विसरतात. आकडा सांगितला तर थांबतात. म्हणून या अंकाचे म्हणणे एकच: मुलांच्या हाती मोजणी द्या. ज्याने स्वतः मोजले, तोच दुसऱ्याला पटवू शकतो.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ती प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेली आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुकी, हे छापलेले असते. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३,२०० असतो, काहींवर वेगळा. समजा, सातवीतली एक मुलगी संध्याकाळी वडिलांना घेऊन मीटरसमोर उभी राहिली. मीटरला हात लावायचा नाही, फक्त बघायचे. घरातले सगळे बंद करून तिने एकटा जुना पंखा चालू ठेवला. असा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. ३,२०० च्या मीटरवर दिवा मिनिटाला चार वेळा लुकलुकेल. त्याजागी २८ वॅटचा नवा बीएलडीसी पंखा असेल, तर दोन मिनिटांत फक्त तीनदा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब दोन मिनिटांत सहा वेळा, ९ वॅटचा एलईडी त्याच दोन मिनिटांत जेमतेम एकदा. आणि अंघोळीचे पाणी तापवायला १५०० वॅटचा रॉड लावला की मिनिटाला तब्बल ८० वेळा. तो वेग पाहून वडीलच विचारतात, “एवढी वीज खातो का हा?” त्या क्षणी ती मुलगी शिक्षक झालेली असते.

पुढचे गणित तिला वहीत करता येते. जुना पंखा दिवसाला सोळा तास चालला तर १.२ युनिट, नवा चालला तर पाऊण युनिट कमी. महिन्याला बावीसेक युनिट एका पंख्यामागे वाचतात. वापर १०० युनिटांच्या पुढे गेला की त्यापुढच्या युनिटांचा दर वाढतो, त्यामुळे जे घर ११५-१२० वर अडकलेले असते, त्याला ही बचत लगेच जाणवते. मग सगळे बंद असतानाही दिवा का लुकलुकतो, याचा शोध सुरू होतो. टीव्ही रिमोटने बंद केलेला असतो, पण सेट टॉप बॉक्स चालूच असतो. तो दहा वॅट जरी घेत असला, तरी महिन्याला सात युनिट होतात. टक्केवारी, गुणाकार, आलेख, वॅट आणि तास यांचा संबंध, हे सगळे एका मीटरपाशी शिकून होते, आणि ते जन्मभर विसरत नाही.

मुलांनी शिकून घरच्यांना शिकवले, अशी उदाहरणे महाराष्ट्रात आधीची आहेत. दिवाळीच्या अंकात त्यातले एक आठवायलाच हवे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळांमधून फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम चालवली. मुलांनी संकल्पपत्रे भरली, फटाक्यांचे पैसे वाचवून पुस्तके आणि खेळणी घ्यायचे ठरवले. पालकांना जे भाषणांनी पटले नसते, ते पोरांनी धरलेल्या हट्टाने पटले. ऊर्जेच्या बाबतीत मुंबईच्या आयआयटीत प्रा. चेतनसिंह सोळंकी यांनी उभ्या केलेल्या सौरदिव्यांच्या प्रकल्पाकडे पाहावे. दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत अभ्यासाचा सौरदिवा पोहोचवायचा, आणि तो गावातल्याच माणसांनी जोडायचा, दुरुस्तही तिथेच करायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे २ ऑक्टोबर २०१९ला, गांधीजींच्या १५० व्या जयंतीला, ठिकठिकाणच्या हजारो विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी आपल्या हाताने सौरदिवे जोडले. ज्या मुलाने तार जोडली, त्याला दिवा का लागतो हे कळले. ज्याला कळले, त्याने ते घरी जाऊन सांगितले.

मात्र बचतीची गोष्ट आपल्या भागात बोलताना एक भान ठेवायला हवे. मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा कूलर ही चैन नाही. तान्ह्या बाळाच्या नि म्हाताऱ्या माणसाच्या जिवाची ती गरज आहे. एक पंखा आणि दोन दिवे असलेल्या घराला वीज वाचवायचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. त्या घराला तर अधिक आणि खात्रीची वीज मिळायला हवी. लाईन गेली की ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही, त्यांच्याच घरी अंधार होतो. म्हणून मुलांना आम्ही सांगू: काटकसर करायची ती वाया जाणाऱ्याची, गरजेची नाही. दुपारी बारा वाजता जळणारा रस्त्यावरचा दिवा, सुट्टीत चालू राहिलेला वर्गातला पंखा, वाहती झालेली टाकी आणि तिच्यावर चालूच असलेली मोटार, आणि कुणी बसलेले नसतानाही गार होत राहणारी साहेबांची खोली. शोध तिथून सुरू व्हावा.

ऊर्जा म्हणजे नुसती वीज नव्हे, हेही आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना कुणी वेगळे सांगायला नको. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत सरपणाची मोळी अजून डोक्यावरून येते, आणि ती आणताना वाघ-बिबट्याची धास्ती असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आले; पण ते दर वेळी भरून आणणे सगळ्यांना परवडतेच असे नाही. चुलीचा धूर आणि सरपणाचा भार दोन्ही बाईच्याच वाट्याला येतात. इथे शाळकरी मुलांना एक प्रयोग करता येईल आणि त्याला लागणारी वस्तू आपल्याकडे ढिगाने आहे: तणस. मोठी टोपली किंवा खोके घ्यावे, त्यात कोरडे तणस ठासून भरावे आणि मधोमध भांड्यापुरती जागा करावी. भिजवलेल्या तांदळाला चांगली उकळी आली की चार-पाच मिनिटांनी घट्ट झाकणासह भांडे त्यात ठेवावे, वरून तणसाची उशी दाबावी. तासाभराने भात शिजलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात इंधन कमी पडले, तेव्हा इंग्लंडमधल्या बायका अशाच गवताच्या पेटीत स्वयंपाक करत होत्या. धानाच्या जिल्ह्यात भात धानाच्याच तणसात शिजावा, याहून सरळ विज्ञान कोणते? पोरांनी हा भात आधी शाळेत शिजवून पाहावा आणि मग आईला, आजीला हाताला धरून दाखवावा. पहिल्या दिवशी त्या हसतील, पण सिलिंडर चार दिवस जास्त पुरला की आपणहून टोपली भरतील.

विजेच्या बाबतीत स्वस्त एलईडीने निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. पण दिवा स्वस्त झाला की माणूस दिवेही वाढवतो. कोळसा कमी खाणारी यंत्रे आली तरी कोळशाचा एकूण खप वाढतोच आहे, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते. यंत्र सुधारले तरी माणसाचा निर्धार लागतोच. तो निर्धार काय करू शकतो, हे जपानने २०११ मध्ये दाखवले. फुकुशिमाच्या अपघातानंतर अणुवीज कमी पडली, तेव्हा त्या उन्हाळ्यात तोक्यो परिसरातल्या घरांनी ठरवून वीज कमी वापरली. तो सगळ्यांनी मिळून पाळलेला शब्द होता.

तसा शब्द आपले गाव देऊ शकते. त्यासाठी आमची एक साधी सूचना आहे. दिवाळीच्या सुट्टीत सहावी ते नववीच्या मुलांनी आपापल्या घराची आणि शेजारच्या दोन घरांची मोजणी करावी: कोणती वस्तू, किती वॅट, किती तास, महिन्याला किती युनिट. घरच्यांची परवानगी घ्यावी आणि कुणाच्याही बिलाचा आकडा नावानिशी जाहीर करू नये. शाळा उघडल्यावर शाळेच्या मीटरचीही मोजणी व्हावी आणि शाळेचे वीजबिल दर महिन्याला फलकावर लागावे. १४ डिसेंबरला भाषणांऐवजी मुलांनी आपले आलेख मांडावेत. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांचा अहवाल वाचला जावा, इतिवृत्तात नोंदवला जावा, त्यावर ठराव व्हावा. दिवसा जळणारे दिवे कुठले, कुठे वेळेनुसार बंद होणारे स्विच लागतील, पाणीपुरवठ्याची मोटार किती तास चालते, एवढे तीन प्रश्न जरी सुटले तरी गावाचे पैसे वाचतील. मंडईच्या दिवशी मुलांनी एक लाकडी बोर्ड घेऊन उभे राहावे. एक मीटर, तीन होल्डर, तीन तऱ्हेचे दिवे, आणि जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनच्या हातची. दंडारीचे लोकनाट्य बघायला आलेला माणूस तिथे क्षणभर थांबेल आणि लाल दिव्याची लुकलुक मोजेल. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीने लोकांना शहाणे करायचे काम पुष्कळदा रंगमंचावरून केले आहे. पोरांनी पाच मिनिटांचा प्रवेश बसवला तर उत्तमच.

यात मोठ्यांनी करायचे काम मुलांपेक्षा अवघड आहे. ते म्हणजे ऐकणे. मुलगा मीटरपाशी वही घेऊन बसला तर “अभ्यास कर” म्हणून त्याला उठवू नका. तो अभ्यासच करतो आहे. मुलीने ग्रामसभेत प्रश्न विचारला तर सरपंचांनी उत्तर द्यावे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लिहून घ्यावे. आणि कोळसा जाळून हवामान बिघडवण्यात ज्यांचा हात नाही, त्या मुलांवर सगळा भार टाकून आपण मोकळे होऊ नये. मोठा वापर मोठ्यांचा आहे. राइस मिलवाले, दुकानदार, मंगल कार्यालये, कचेऱ्या यांनी आपापले मीटर मुलांना दाखवावेत. सुधारणेची सुरुवात तिथून झाली, तर मुलांना आपण शिकलो ते खरे आहे असे वाटेल.

अंकासाठी लिहिणाऱ्यांना आम्ही एकच विनंती केली होती: उपदेश नको, केलेले काम सांगा. शिक्षक, शेतकरी, लाइनमन, गृहिणी आणि विद्यार्थी यांनी तसेच लिहिले.  वाचकांनी अंक वाचून तो शेजारच्या मुलांच्या हाती द्यावा, त्यांच्याकडून मोजणी करून घ्यावी आणि आलेले आकडे आम्हाला कळवावेत. नावे न घेता ते पुढच्या वर्षीच्या अंकात छापू.



— संपादक